घरी टोचायचे पेन आणि एक फिरता संदेश

सोरायसिस (त्वचेवर चट्टे उठण्याचा आजार) आणि त्यासोबत येणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांनी इंजेक्शनचे पेन घरी वापरू नये, असे बजावणारा एक संदेश सध्या आमच्या नाशिकमध्ये अनेकांच्या मोबाईलवर येतो आहे. रक्तात हवा शिरते, आखडलेल्या बोटांनी पेन हाताळता येत नाही, क्षयरोग होतो आणि वापरलेल्या सुया घरात पडून राहतात, अशी चार कारणे त्यात आहेत. मी दर पंधरा दिवसांनी अ‍ॅडॅलिमुमॅब या, रोगप्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधाचे पेन स्वतःच टोचून घेतो, म्हणून त्याला उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

हवेची भीती निराधार आहे. औषध शिरेत जात नसून त्वचेखालच्या चरबीत जाते आणि तिथे लहानसा बुडबुडा अपाय करत नाही.

बोटांचा त्रास खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. साध्या सिरिंजचा दट्ट्या दाबणे मलाही जमत नसे, परंतु पेन मुठीत धरता येते, सुई आत नेण्याचे आणि औषध ढकलण्याचे काम स्प्रिंग करते, आणि आपण पेनवरच्या छोट्या खिडकीत रंग पूर्ण दिसेपर्यंत ते मांडीवर घट्ट टेकवून धरायचे असते. टोपण ओढणे मात्र अवघड जाते. ते माझी मुलगी काढून देते. चट्टा असलेली जागा टाळावी, आणि फ्रिजमधून काढलेले पेन पंधरा ते तीस मिनिटे बाहेर ठेवून मगच टोचावे, म्हणजे कमी झोंबते.

या औषधाने सुप्त, म्हणजे शरीरात दबून असलेला क्षयरोग उफाळू शकतो, हे खरेच आहे. त्यासाठीच उपचारापूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयरोगाची तपासणी करतात. पण तो धोका औषधाचा आहे, आणि दवाखान्यात जाऊन टोचून घेतल्याने तो तिळभरही कमी होत नाही.

ज्या गोष्टीने माझे खरोखर नुकसान झाले, तिचा संदेशात उल्लेखही नाही. पेन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. मे महिन्यात गंगापूर रोडवरून सातपूरला येताना मी ते थेट बर्फाला लावून आणले आणि ते गोठले. गोठलेले औषध वितळले तरी वापरता येत नाही, त्यामुळे ते महागडे पेन टाकून द्यावे लागले. आता मी ते टॉवेलात गुंडाळून आणतो.

सुयांबाबतचा इशारा मला मान्य आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये वापरलेल्या सुयांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती. जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात वापरलेले पेन साठवून तो डबा घंटागाडीवर वेगळा, सांगून द्यावा, कारण कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाला आत काय आहे हे दिसत नसते.