एक स्टार देणाऱ्या साहेबांना गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब. तुम्हाला तीन हेलपाटे घालावे लागले, गाडी ११ दिवस अडकली, फोनही वेळेवर उचलले गेले नाहीत. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण "साध्या टायमिंगचे ३,८०० घेतले, दुसऱ्याने दहा मिनिटांत केलं" हे वाचून रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ते टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी ते जुळवणं, साधं नव्हतं, साहेब. तुमच्या जुन्या पद्मिनी गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक एका गाडीचा, वरचं फेसिंग मारलेलं (घासून सपाट केलेलं) हेड दुसरीचं, आणि जिच्यावर टायमिंगची खूण असते ती पुढची पुली कुठली ते तुम्हालाही सांगता आलं नाही. पहिल्यांदा मी टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून पुलीच्या खुणेवर १० डिग्री जुळवून दिलं. तरी आंबा घाटात गाडी नॉक करतच होती, म्हणजे इंजिन खडखडत होतं. मग त्या खुणेवरच संशय आला. एक नंबरचा प्लग काढून भोकात स्टॉपर बसवला, इंजिन हाताने फिरवलं, पिस्टन टेकला तिथे पुलीवर खडूची रेघ मारली. उलटं फिरवून दुसरी. दोन रेघांच्या बरोबर मधोमध खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा, आणि पुलीची खूण त्याच्यापासून १४ डिग्री लांब! लाइटमध्ये १० दिसत होते तेव्हा ठिणगी २४ डिग्री आधी पडत होती. त्यात डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) वजनांची एक स्प्रिंग तुटलेली. वेग वाढला की ठिणगी आधी पाडायचं काम ही वजनं करतात. ती जुन्या बाजारातून मिळवण्यातच ६ दिवस गेले.

आणखी एक. दुसऱ्यांदा गाडी नेताना डिस्ट्रिब्युटरवर केलेली पिवळी खूण तुम्हाला दाखवली होती. तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा ती ३ मिलिमीटर सरकलेली होती. दिसायला एवढंसं, पण डिस्ट्रिब्युटरची एक डिग्री म्हणजे क्रँकच्या, इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दोन. ती आमच्या हाताने सरकली नव्हती. गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायला नको म्हणून तेव्हा गप्प बसलो, पुन्हा बसवून दिलं आणि त्याचा एक रुपया घेतला नाही.

ठिणगी उशिरा केली की नॉकिंग दहा मिनिटांत बंद होतं, हे खरं. पण गाडीचा दम जातो आणि इंजिन तापतं. घाट चढताना टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा, एवढीच विनंती.

वडिलांच्या वेळेपासून उद्यमनगरात आमचा हा धंदा आहे, आता नवं गिऱ्हाईक हे रिव्ह्यू वाचूनच येतं. यापुढे खर्च आणि दिवस आधी सांगत जाऊ, फोनचंही बघतो. गाडी एकदा घेऊन या, खडूच्या त्या दोन रेघा तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा मारून दाखवतो. पैसे नकोत.