लेसर अणूंना ढकलत नाही, निवडतो

अणुइंधनासाठी लेसरने युरेनियम-२३५ वेगळं करण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘लेसर हलक्या अणूंना ढकलून बाजूला काढतो’ हे वाक्य खटकलं. ढकलाढकली नाहीच, खरी गंमत निवडीत आहे. युरेनियम-२३५ आणि २३८ हे युरेनियमचेच वेगळ्या वजनाचे अणू (समस्थानिक), रासायनिकदृष्ट्या जवळजवळ सारखेच. पण ३ न्यूट्रॉन जास्त असल्याने २३८ चं केंद्रक किंचित मोठं असतं, आणि त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या जराशा सरकतात. (जड अणूंत हा फरक वजनापेक्षा केंद्रकाच्या आकारामुळे पडतो, हे मला फार सुंदर वाटतं.) शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाच्या वारंवारतेतला हा फरक लाखात एक-दोन भाग एवढाच! लेसर नेमका २३५ शोषतो त्या वारंवारतेवर जुळवला की तेवढेच अणू उत्तेजित होतात. साधारण तीन टप्प्यांत त्यांचा इलेक्ट्रॉन सुटतो, अणू आयन (विद्युतभारित अणू) बनतो आणि विद्युतक्षेत्र त्याला गोळा करणाऱ्या पट्टीकडे ओढून घेतं. ओढतं ते विद्युतक्षेत्र, लेसर नव्हे.

आणखी एक, लेखात फक्त अणुइंधनच आलं. कर्करोगावरच्या उपचारातलं किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ बनवायला यटर्बियम-१७६ वापरतात, तेही लेसरने वेगळं करता येतं. यावर सविस्तर लिहा ना, वाट बघतोय.