वीस मिनिटांत उरकायचं नसतं हो हे!

आज डोकं फिरलंय. सकाळी साडेदहाची वेळ दिलेली शाळेची सहल आमच्या विज्ञान केंद्रात दुपारी दीडला आली. चार एसट्या, 180 मुलं. पंधरा दिवस मी या शाळेशी फोनवर बोलतेय. मुलांचे सहा गट करा, प्रत्येक गटाला निदान चाळीस मिनिटं द्या, गटासोबत तुमचा एक शिक्षक राहू दे. "हो मॅडम, हो मॅडम." आणि गाडीतून उतरल्या उतरल्या सर काय म्हणाले? "मॅडम, वीस मिनिटांत उरकता येईल का? मुलांची जेवणं राहिलीत आणि पाचच्या आत गणपतीपुळं गाठायचंय."

उरकता येईल का! हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमचं विज्ञान केंद्र म्हणजे वाटेतला चहाचा थांबा आहे का?

वीस मिनिटांत 180 मुलं म्हणजे एकच गोष्ट होते. पुढच्याच्या खांद्यावर हात, या दारातून आत, त्या दारातून बाहेर. आणि रांगेच्या टोकापासून शेपटापर्यंत एकच आरडाओरडा, "हात लावू नका!" अहो, हात लावण्यासाठीच मांडलंय ते! लंबकाची दोरी आखूड केली की झोके भराभर का पडतात, ते घड्याळ लावून मोजायचं. भिंग मागेपुढे सरकवून खिडकीबाहेरचा माड पडद्यावर उलटा पाडायचा. प्रत्येक टेबलावर मी ठळक अक्षरांत "हात लावा" अशी पाटी ठेवलीय. त्या पाटीशेजारी उभे राहून सर ओरडत होते, हात लावू नका. एका पोराने लंबकाचा गोळा नुसता धरला, तर त्याच्या पाठीत धपाटा. माझ्या देखत! मी मध्ये पडले तर म्हणे, "मॅडम, मोडलं तर भरून कोण देणार?" मोडू दे ना. मोडलेला लंबक दुरुस्त करायला मला दहा मिनिटं लागतात.

पण खरा राग याचा नाही. राग त्या मुलीमुळे आलाय.

सहावीतली असेल. दोन वेण्या, लाल रिबिनी. देवगडकडची शाळा. पृथ्वी-चंद्राच्या मॉडेलपाशी रांग सोडून थांबली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमचे आजे सांगतत, तिथीक पाऊणीन गुणला की भरतीची येळ गावता. अष्टमीक सा वाजता. पण पाऊणच कित्याक?"

पाऊणच कित्याक, पाऊणच का! या नोकरीत मी ज्या प्रश्नाची वाट बघत असते तो हा प्रश्न. आजोबा होडीवर जाणारे, उधाण-भांग म्हणजे मोठी-लहान भरती, भरती-सुकती म्हणजे भरती-ओहोटी, सगळी अंगात मुरलेली, आणि ही पोर विचारतेय की हे गणित आलं कुठून. उत्तर तिच्या हाताखालीच होतं. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र पुढे सरकलेला असतो, त्याला परत गाठायला रोज साधारण 50 मिनिटं जास्त लागतात, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे जाते. आजोबांचा पाऊण तास म्हणजे तेच, होडीत बसून तोंडी करता येईल असं. तिच्याच हातात चंद्र दिला असता, तिलाच फिरवायला लावला असता, तर तिने ते स्वतः शोधलं असतं. पाच मिनिटं लागली असती. पाच! मी चंद्र काढून तिच्या हातात ठेवला, एवढ्यात मागून खसकन तिचं दप्तर ओढलं गेलं. "चल गो, तुझ्यामुळे सगळी थांबलीत." तिने चंद्र परत माझ्या हातात दिला आणि पळाली.

शिक्षकांच्या मागे हजार कामं लावलेली असतात, हे मला कळतं. निवडणूक त्यांची, सर्वेक्षण त्यांचं, पोषण आहाराचा हिशेब त्यांचा. सहलीत एक मूल हरवलं तर मान त्यांची. सगळं मान्य. पण मग विज्ञान केंद्र सहलीत धरू नका! नुसता समुद्र दाखवा, मुलं तिथे जास्त शिकतील.

आणि हीच शाळा मला 28 फेब्रुवारीला फोन करणार, मला माहीत आहे. विज्ञान दिन! वर्षभर कोणाला आठवण येत नाही आणि त्या एका दिवसासाठी बारा शाळांचे फोन येतात. मी एकटी, गाडी एक. सी. व्ही. रामन यांचा फोटो, हार, पाहुण्यांचं भाषण, "28 फेब्रुवारी 1928 रोजी रामन परिणामाचा शोध लागला, 1930 साली नोबेल मिळालं," मुलं घडाघडा म्हणतात. पण रामन 1921 साली बोटीने इंग्लंडहून परत येत होते, समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब हे तेव्हाचं उत्तर त्यांना पटेना, बोटीवरच प्रिझम घेऊन ते पाणी तपासत होते, हे कोणी सांगत नाही. समुद्रकाठच्या मुलांना सांगत नाहीत! तोही असाच कोणाचातरी "कित्याक" होता. रामन यांचं दप्तर ओढायला मागे कोणी नव्हतं.

वरून आमच्याच लोकांचा अहवाल. त्यात "लाभार्थी संख्या" असा रकाना आहे. आज तिथे 180 जाणार, सोबत ठिकाण-वेळेसकट फोटो, आणि साहेब खूश. गेल्या वर्षी सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, एका शाळेत दुर्बीण घेऊन गेले होते. पटावर नऊ मुलं. संध्याकाळी वाडीतली माणसंही आली. एकेका मुलाने पोटभर चंद्र पाहिला, गुरूचे चार चंद्र कागदावर मांडले, आणि मी तिथेच ठेवून आलेल्या दुर्बिणीतून बघून दुसऱ्या दिवशी ते जागा बदलून बसलेत म्हणून गुरुजींच्या फोनवरून मला कळवलं. गॅलिलिओने 1610 मध्ये हेच केलं होतं, ठिपके काढून. यंदा परत जायला गाडी मागितली तर उत्तर आलं, "नऊ लाभार्थ्यांसाठी डिझेल परवडत नाही." नऊ मुलांनी दोन रात्री आकाश पाहिलं ते परवडत नाही, आणि 180 मुलांनी एकमेकांच्या पाठी पाहिल्या त्याचा अहवाल झळकतो!

जाताना सर म्हणाले, "भेटीचं प्रमाणपत्र तेवढं आठवणीने पाठवा हां मॅडम." पाठवते. पण त्याच पाकिटात एक कागद घालणार आहे, पृथ्वी-चंद्राची आकृती आणि खाली पाऊण तासाचं गणित. वर काय लिहू, एवढंच अडलंय. सहावी, दोन वेण्या, लाल रिबिनी. नाव विचारायलासुद्धा मला वेळ मिळाला नाही.