माळ्यावरचं झाड

नाताळ जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षी तोच वाद सुरू होतो, झाड खरं चांगलं की प्लास्टिकचं. यावर्षी तो वाचून माझ्या मुलीनेच विचारलं, "आई, आपलं झाड प्लास्टिकचं आहे म्हणजे आपण चुकीचं करून राहिलो का?" तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहिते.

ग्रुपवर जे आकडे फिरतात ते ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट नावाच्या संस्थेचे आहेत. साडेसहा फुटी प्लास्टिकच्या झाडामागे साधारण 40 किलो कार्बन, तेवढंच खरं झाड डम्पिंगला सडलं तर 16 किलो कारण दाबून सडताना मिथेन हा हवा तापवणारा वायू निघतो, आणि जाळलं किंवा भुसा करून टाकला तर साडेतीन किलोच. म्हणजे प्लास्टिकवाल्याने दहा-बारा वर्षं तेच झाड वापरलं तर कुठे या साडेतीन किलोवाल्या झाडाशी बरोबरी होते. हिशोब बरोबर आहे, पण तो तिकडचा आहे. तिकडे ही फरची, म्हणजे सुईसारख्या पानांची, झाडं शेतात लावतात, आपल्याकडे काटोलला संत्र्याचा बगीचा असतो ना तसंच, सात-आठ-दहा वर्षं वाढवायची, कापायची आणि परत रोपं लावायची. नागपुरात फरचं झाड आहे कुठे?

इथल्या नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीत मिळतं ते अरोकेरिया, मूळचं पॅसिफिक समुद्रातल्या नॉरफोक बेटावरचं, बाराही महिने समुद्राची हवा खाणारं झाड. 2019 ला मी हौसेने आणलं होतं. डिसेंबरात इतकं सुंदर दिसलं की सगळ्यांनी फोटो काढले. एप्रिलपासून टोकं करपायला लागली, हिरवी नेट बांधली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, कूलरच्या खोलीत आणून ठेवलं, पण आपला मे महिना, 45-46 डिग्री, जूनचा पाऊस यायच्या आधीच ते गेलं. मला फार वाईट वाटलं होतं. आणि दरवर्षी एक जिवंत झाड आणायचं, उन्हाळ्यात मरू द्यायचं, परत डिसेंबरात नवीन आणायचं, याला मी तरी पर्यावरण म्हणणार नाही.

मग प्लास्टिकचं बरं का, तर नवीन घेत असाल तर नाही. बहुतेक झाडं चीनमधून येतात, पीव्हीसीची पानं लोखंडी तारेत पिळलेली, ती वेगळी करता येत नाहीत म्हणून कबाडीवाला हात लावत नाही. जाळलं तर विषारी धूर निघतो. मागच्या जानेवारीत आमच्या गल्लीतल्या कचऱ्याच्या ढिगावर एक अख्खं झाड पडलेलं पाहिलं, चमकी तशीच लटकलेली, एखाद्याच वर्षाचं असेल. ते भांडेवाडीच्या कचरा डेपोलाच गेलं असणार, आणि तिथे आग लागली की त्या बाजूच्या वस्त्यांतले लोक काय श्वासात घेतात ते नागपूरकरांना मी सांगायला नको.

माझ्या लहानपणी बाबा सुरूच्या झाडाची एक फांदी आणायचे, तेलाच्या डब्यात रेती भरून त्यात रोवायचे, डब्याला लाल पतंगी कागद. बर्फ म्हणून आजी गावाकडून आलेला कापूस पिंजून द्यायची, सरकी काढून! तेवढ्यात आमचा नाताळ व्हायचा. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची गोष्ट आहे, त्यात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, झाड कुठेच नाही, ते जर्मनीतून आलं आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रजांच्या घरोघरी पोचलं. म्हणून झाड नकोच असं मी म्हणत नाहीये, मला ते फार आवडतं. पण ते अमुकच हवं, दरवर्षी नवीन हवं, आधीपेक्षा उंच हवं, ही गरज आपणच तयार केली आहे.

आमचं प्लास्टिकचं झाड 2008 चं आहे. एक पाय तुटलाय, तारेने बांधलाय, खालची पानं विरळ झालीत तिथे गोठ्याचा देखावा मांडतो म्हणजे दिसत नाही. मुलीला आता सांगितलंय की हे झाड तुझ्या लग्नापर्यंत चालवायचं आहे. आणि जिवंत झाड हवंच असेल तर अंगणातलं लिंबू आहे ना, यंदा चांदणी त्याच्यावरच टांगणार आहोत, ते मे महिन्यातही हिरवं राहतं.

एक विनंती आहे. कोणाला जुनं झाड काढून टाकायचं असेल तर प्लीज कचऱ्यात टाकू नका, मला मेसेज करा, सदर-मोहननगर भागात असाल तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. आमच्या चर्चच्या मंडळीत दोन-तीन घरांना हवं आहे आणि संडे स्कूललाही एक लागणार आहे, पाय तुटका असला तरी चालेल.