अंजनेरीच्या धुक्याला शब्द का नाहीत?

काका, नमस्कार. (तुम्हीच प्रतिक्रियेत 'वयाने मोठा आहे म्हणून स्पष्ट बोलतो' असं लिहिलंत, म्हणून काका.) नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरातल्या धुक्यावरची माझी चौदा मिनिटांची रचना तुम्ही दहाव्या मिनिटाला बंद केलीत. तक्रारी तीन: गाणारा नाही, गिटार म्हणजे मिक्सरमध्ये खडे, आणि चर्च जाळणाऱ्यांचं संगीत नाशिकच्या मुलाने का वाजवावं?

शेवटची आधी घेतो, कारण ती खरी आहे. मी वाजवतो ते ब्लॅक मेटल, नॉर्वेत गाजलेला रॉकचा एक कर्कश, वेगवान प्रकार. १९९२ मध्ये तिथल्या बर्गन शहराचं फान्टॉफ्ट चर्च जाळलं गेलं. १९९३ मध्ये ऑस्लोत याच संगीतातल्या युरॉनिमस या गिटारवादकाचा खून झाला. तो करणारा विकर्नेस 'बर्झुम' नावाखाली सगळी वाद्यं एकटाच वाजवायचा. म्हणजे खोलीत एकट्याने बसून ब्लॅक मेटल करायची जी रीत मी उचलली, ती गाजवणारा माणूस खुनी आहे, वर त्याचे वंशवादी विचार किळसवाणे. कलाकार वेगळा, कला वेगळी, असं म्हणून मी हात झटकणार नाही.

शब्द नसण्याचं निम्मं कारण इथेच आहे. आधी मी लिहून पाहिलं होतं. रात्र, बर्फ, मरण. मराठीत लिहूनही सगळं नॉर्वेहून उसनं आणलेलं. बर्फ मी फ्रीजमध्येच पाहिलेला! शिवाय ते घसा फाडून ओरडणं. शेजारच्या आजींनी एकदा दार वाजवलंच. शब्द काढले तेव्हा कुठे अंजनेरी ऐकू यायला लागली.

खरखरीवरून मात्र भांडतो. तुम्ही तानपुरा लावता ना? घोडीवर दोरा सरकवून जवारी खुलवता, ती तारेने जरा घासावं म्हणूनच. त्यातूनच वरचे स्वर उमलतात. फझ पेडल, म्हणजे गिटारला खरखर देणारा पायाने दाबायचा डबा, तारेच्या आवाजाची लाट वरून-खालून छाटतो आणि नसलेले वरचे स्वर जन्माला घालतो. वाट वेगळी, हाव तीच. त्यात मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याला चार, म्हणजे सेकंदाला बारा आघात. कान मोजायचं सोडतो आणि खालून एक संथ चाल सरकायला लागते. विसर्जनाचा ढोल जवळून कानठळ्या बसवतो, होळकर पुलावरून नुसता घुमतो, तसं. आवाज कमी करून शेजारच्या खोलीतून ऐकून बघा.

ड्रम मशीनबद्दल तुमचं बरोबर. नवव्या मिनिटाला शिलाई मशीनच वाटतं. रात्री दोनला कंटाळून तसंच ठेवलं होतं. तो भाग पुन्हा करतोय.

चौदा मिनिटं कशाला, हेही विचारलंत. श्रावणात अंजनीमातेच्या देवळापाशी दीड तास बसलो होतो. समोरचा ब्रह्मगिरी डोंगर दोनदाच दिसला, तोही अर्धवट. रचनेत गिटारही दोनदाच मोकळी, फझशिवाय वाजते. दुसऱ्यांदा अकराव्या मिनिटाला.