ग्राहकालाच नवं हवं असतं?

लेखातलं बाकी सगळं पटलं, पण 'लोकांनाच दर दोन वर्षांनी नवा फोन हवा असतो, कंपन्या फक्त मागणी पुरवतात' हे वाक्य काही घशाखाली उतरलं नाही. माझा मागचा फोन चार वर्षं उत्तम चालला. फक्त बॅटरी दुपारपर्यंत मान टाकायची. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर म्हणाला, बॅटरी आत चिकटवलेली आहे, काढताना स्क्रीन गेली तर जबाबदारी तुमची. मग घेतला नवा. आता विक्रीच्या आकड्यांत माझी नोंद 'मागणी' म्हणूनच झाली असणार!

आणि हे आजचं नाही. 1924 मध्ये बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हात एकत्र येऊन 'फीबस' नावाची टोळी केली (टोळीच म्हणतो मी) आणि बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणून ठेवलं. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कारखान्याला चक्क दंड! जास्त टिकणारा बल्ब तेवढ्याच विजेत कमी उजेड देतो, हा त्यांचा बचाव अगदीच खोटा नव्हता, मान्य. पण मग दंड कशाला? ग्राहकाला ठरवू द्यायचं होतं.

युरोपीय संघात 2024 च्या अखेरीपासून नव्या फोनना यूएसबी-सी, म्हणजे सगळ्यांना एकच चार्जर चालेल असं चार्जिंगचं सॉकेट, सक्तीचं झालं. ते ग्राहकांच्या 'मागणी'मुळे नव्हे, कायद्यामुळे. चार्जरचा ढीग घरात साठवत मागणी तर आम्ही कितीतरी वर्षं करतच होतो.