नाताळच्या पाहुण्यांना कोकमाचा ग्लास द्या

डिसेंबर संपत आला की मालवण-तारकर्लीपासून गणपतीपुळ्यापर्यंत घरं पाहुण्यांनी भरतात. मुंबई-पुण्याच्या मंडळींच्या सामानात हल्ली स्पार्कलिंग वाईनची एखादी बाटली असतेच. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते तिच्यात मिसळायला सोबत येणाऱ्या पीच आणि स्ट्रॉबेरीच्या सिरपबद्दल. कोकणातल्या घरात, फडताळात अमृत कोकम, म्हणजे कोकमाचा गोड पाक असताना, ही सिरपं कशाला?

जगभर नावाजलेली कॉकटेल्स बघा. बेलिनी व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये जन्मली, पांढऱ्या पीचचा गर आणि तिकडचीच स्पार्कलिंग वाईन, प्रोसेक्को. फेलिक्स किर हे फ्रान्समधल्या दिजाँचे महापौर होते. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किर रोयालमध्ये पडतं ते त्याच मुलखातलं काळ्या करंटचं मद्य, कासीस. त्यांनी आपल्या मातीतलं फळ घेतलं आणि जगाने ते उचललं. आपल्या कोकमाला तर भौगोलिक मानांकनही आहे. आंबटपणा आहे, आणि रंग असा की ग्लास उजेडात धरला तर नजर हटत नाही.

उंच, अरुंद ग्लासात दोन चमचे अमृत कोकम घाला. ग्लास तिरका धरून वरून साधारण १०० मिली गार वाईन हळूहळू ओता. ढवळत बसू नका, बुडबुडे जातात. वाईन ‘ब्रूट’ घ्या. तिच्यात लिटरमागे साखर १२ ग्रॅमपेक्षा कमी असते आणि गोडी कोकमाच्या पाकातून येतेच. नाशिकची ब्रूट उत्तम चालते, शॅम्पेनवर पैसे घालवायची गरज नाही. ७५० मिलीच्या बाटलीत सात जणांचं होतं. मात्र कोकमाचं आगळ वापरू नका. त्यात मीठ असतं, ते सोलकढीसाठी राहू दे.

डिसेंबरात हापूस मोहोरावर असतो, पण मे महिन्यात आटवून किंवा डबाबंद करून ठेवलेला रस असेल तर कोकमाऐवजी तोही घ्या. आटवलेला रस आधी पाण्यात सैल करून गाळा. गरामुळे फेस भसकन वर येतो, म्हणून वाईन दोनदा थांबून ओता.

बाटली नीट गार हवी, ६ ते ८ अंश. मासळीच्या शीतपेटीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून अर्धा तास ठेवली की काम होतं. तो बर्फ मात्र ग्लासात नको. आणि बूच उडवायचा हट्ट सोडा! आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो, डोळ्याला लागलं तर कायमचं नुकसान. तार सोडतानाही बुचावर अंगठा दाबून ठेवायचा, मग बूच घट्ट धरून बाटली फिरवायची.

सोबत तळलेले बोंबील किंवा रव्यातली कोलंबी. तळणीचा तेलकटपणा हे आंबट बुडबुडे धुऊन काढतात, म्हणून मला ही जोडी चीज-क्रॅकर्सपेक्षा शंभर पटींनी आवडते.

घरात न पिणारे असतातच. त्यांच्यासाठी तेच अमृत कोकम, गार सोडा, लिंबाचे चार थेंब, आणि ग्लासही तोच. कुणाच्या हातात काय आहे हे पंगतीत कळता कामा नये. आग्रह तर अजिबात नको. गोड लागतं म्हणून हे पेय भराभर पोटात जातं, पण वाईनमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं. ज्याला रात्री गाडी काढायची आहे त्याला सोड्याचाच ग्लास द्या, आणि ज्याने वाईन घेतली त्याचं अंथरूण पडवीत घाला.